गेरासिमकाका आणि नातवाचं जावळ

गेरासिमकाकांनी आयुष्यात किती मेंढ्या भादरल्या असतील हे त्यांनाही सांगता यायचं नाही. सामूहिक शेती होती तेव्हा वसंत ऋतूत आसपासच्या गावांचे सगळे कळप त्यांच्या हाताखालून जायचे. मेंढी उताणी करायची, दोन गुडघ्यांत धरायची आणि पोटापासून कात्री सुरू करायची. लोकर गोधडीसारखी अखंड सुटायची आणि मेंढी उठून, आपलं नव्हे तर दुसऱ्याच कुणाचं काहीतरी गेलंय अशा चेहऱ्याने चालू पडायची. या कामाबद्दल त्यांना सरकारी बिल्ला मिळाला होता. तो आता कोठीच्या कडीखाली चकती म्हणून ठोकलेला आहे. चांगला पत्रा आहे, गंजत नाही, असं ते म्हणतात.

असा हा माणूस, आणि त्याच्या नातवाच्या डोक्याला चार वर्षं कात्री लागली नाही.

त्यांच्या आणि आमच्या अंगणात एक कुंपण आहे. कुंपणाची एक फळी मी या गावात सून म्हणून आले तेव्हापासून नाही. त्यामुळे जे सांगते ते बहुतेक त्या फटीतून जाऊन-येऊन पाहिलेलं आहे.

काकांच्या बायकोचं नाव फेओदोरा. अकरा वर्षांपूर्वी ती इटलीत बोलोन्याला गेली, एका म्हाताऱ्याचं सगळं करायला. 'दोन वर्षं, फार तर तीन,' म्हणून गेली होती. मोल्दोवातून बाहेर पडणारी प्रत्येक बाई हेच म्हणून जाते. तो म्हातारा वारला, मग दुसरा मिळाला, तोही वारला. सध्याचा तिसरा काकांहून एका वर्षाने लहान आहे. याबद्दल काका एवढंच म्हणतात, "तिला अनुभव आहे."

मुलगी लिलिया आईच्या मागोमाग गेली. पादोव्हाजवळच्या एका गावात ती एका म्हाताऱ्या सिन्योराबाईंची देखभाल करते. जावई आयर्लंडमध्ये घरांवर छपरं घालतो. दोघांनी मिळून काकांच्या जुन्या घराला लागून दोन नव्या खोल्या बांधल्या आहेत, गुळगुळीत फरशीच्या, पडद्यांच्या. तिथे कुणी झोपत नाही. काका आणि दामियान जुन्या स्वयंपाकघरात चुलीशेजारी झोपतात, कारण तिथे ऊब असते.

दामियान हा तो नातू. लिलिया बाळंतपणाला आली, दहा महिने राहिली आणि मग तिची आधीची जागा भरून जाईल म्हणून परत गेली. जाताना म्हणाली, "जावळाला येते ना मी. दोन महिन्यांवर तर आलंय."

आमच्याकडे मूल वर्षाचं झालं की त्याचं जावळ धर्मबाप-धर्ममायने काढायचं असतं, बाप्तिस्म्याच्या वेळी ज्यांनी त्याला हातात घेतलं त्या जोडीने. त्याआधी डोक्याला कात्री लावायची नाही. दुसऱ्या कुणी लावली तर पोराचं नशीब त्या दुसऱ्याकडे जातं म्हणतात. यावर कुणाचा विश्वास नाही आणि करून बघायची कुणाची तयारीही नाही.

चर्चच्या मते अशी एक जोडी पुरते. चर्चचं म्हणणं चर्चमध्ये. जेवणावळीच्या टेबलावर ज्याला म्हणून मान द्यायचा त्याला धर्मबाप करून टाकायचं, ही आमची रीत. कुणी रुसायला नको आणि पोराला माणसं भरपूर व्हावीत. दामियानला आठ जोड्या ठरल्या होत्या. थोरली जोडी पॅरिसची, स्तेला आणि तिचा नवरा. बाकीच्या जर्मनी, पोर्तुगाल, पोलंड अशा कुठे कुठे. सगळे बाप्तिस्म्यापुरते दोन दिवस आले होते. ऐन वेळी कुणीतरी काढलं की मुलासाठी आकडा विषम हवा. मग लिलियाने कुंपणाच्या फटीतून डोकं घातलं आणि आम्हाला हाक मारली. आमचे हे तेव्हा कोंबड्यांचं खुराडं साफ करत होते. हात धुऊन आले आणि नववे धर्मबाप झाले.

म्हणजे त्या पोराला अठरा आईबाप होते, खरे दोन वेगळे. त्यातले गावात राहणारे आम्ही दोघं.

पहिल्या वर्षी स्तेलाला रजा मिळाली नाही. दुसऱ्या वर्षी साथीमुळे सगळ्या सीमाच बंद होत्या. तिसऱ्या वर्षी स्तेला आणि तिच्या नवऱ्याचा घटस्फोट झाला आणि 'त्या माणसाबरोबर मी एका अंगणात उभी राहणार नाही' असं तिने कळवलं. काका पाद्रीबाबांना विचारायला गेले. पाद्रीबाबा म्हणाले, "ते दोघं एकमेकांपासून सुटले, मुलापासून नाही." काकांनी हे स्तेलाला फोनवर सांगितलं. तिने फोन ठेवला. चौथ्या वर्षी सगळं जमत आलं होतं, तर लिलियाच्या सिन्योराबाई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं.

दर वेळी लिलिया फोनवर पोराला सांगायची, "तुझं जावळ असलं ना, की आम्ही सगळे येणार. मी, बाबा, आजी, सगळे."

दामियानचे केस खांद्याखाली आले. दाट, तपकिरी, शेवटाला वळलेले. काका सकाळी ते विंचरायचे आणि पेंढ्या बांधायच्या सुतळीने मागे बांधायचे. मी रबरबँड आणून दिले, तर "तुटतं" म्हणाले. सोरोका शहराच्या बसमध्ये बायका वाकून म्हणायच्या, "अगंबाई, किती गोड मुलगी!" दामियान शांतपणे सांगायचा, "मी मुलगा आहे. माझं जावळ राहिलंय." गाडी लेट आहे म्हणून सांगावं तसं.

तो वाईट मुलगा नव्हता, त्रासही द्यायचा नाही. त्याचीच मला काळजी वाटायची. बालवाडीतून आला की फाटकाशी बादली उपडी घालून बसायचा. तळ्यावर पोरं बोलवायला यायची तर "नको, कुणी आलं तर?" म्हणायचा. चेरीच्या झाडावर चढायला सांगितलं तर "जावळ झाल्यावर." पोहायला शिकतोस का म्हटलं तरी तेच उत्तर. परदेशी पाटीची गाडी रस्त्याने गेली की उठून उभा राहायचा. गाडी पुढे निघून गेली की बसायचा. नाराज वगैरे व्हायचा नाही. डॉक्टरच्या दारात आपला नंबर यायचा असतो तेव्हा माणसं बसतात, तसा बसायचा.

गेल्या वसंतात बालवाडीत उवा झाल्या. दामियानचं डोकं त्यांना सर्वांत जास्त मानवलं. बालवाडीच्या राइसाबाई संध्याकाळी काकांकडे आल्या. मी तिथेच कांद्याची रोपं लावायला मदत करत होते.

"काका, एक तर केस काढा नाहीतर पोराला घरी ठेवा."

"रॉकेल लावलं."

"कळलं ते. सगळ्या वर्गाला कळलं. आम्ही दुपारचं सूप गरम करायला घाबरत होतो."

"औषधाच्या दुकानातलं पण लावलं."

"एवढ्या केसांत औषध जाणार कुठून? बाकीच्या मुलग्यांचे आम्ही बारीक केले, झालं, संपलं. याच्या डोक्यातून पुन्हा सगळ्यांकडे जातात."

"याचं जावळ राहिलंय."

"मला माहीत आहे हो. अख्ख्या गावाला माहीत आहे. पण उवांना कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवसापासून दामियान घरी. म्हणजे बादलीवर, आता सकाळपासून.

रविवारी काकांनी सगळ्यांना एकदम फोन लावला. म्हणजे आमच्या ह्यांनी लावून दिला. लोणच्याच्या बरणीला टेकवून फोन उभा केला आणि त्यात एकेक चौकोन उजळत गेला. लिलिया सिन्योराबाईंच्या स्वयंपाकघरात होती. फेओदोराकाकू बोलोन्याच्या गॅलरीत. स्तेला पॅरिसमधल्या कुणाच्या तरी न्हाणीघरात फरशी पुसता पुसता थांबली होती, हातमोजे तसेच. दामियान टेबलाखाली मांजराला घेऊन बसला होता. सगळ्यांनी त्याची चौकशी केली, 'माझं सोनं कुठंय' म्हणून. तो टेबलाखालून म्हणाला, "इथे."

"व्हिनेगर लाव," फेओदोराकाकू म्हणाल्या.

"लावलं," काका म्हणाले.

"गरम करून?"

"गरम करून."

"मग पाणी जास्त घातलं असशील. तुझा हात नेहमी पाण्याला सैल."

"अकरा वर्षं झाली, अजून माझं व्हिनेगर तिथून ढवळतेस?"

"माझ्याशिवाय कात्री लावलीत ना, तर बघा हं," स्तेला म्हणाली. "मी त्याची थोरली धर्ममाय आहे. गोंडस टोपी पाठवलीय मी त्याच्यासाठी जावळाची."

"मग ये की."

"ऑगस्टमध्ये येते ना."

"उवांना ऑगस्ट सांगू?"

"गेरासिमकाका, तुम्ही नेहमी असंच टाकून बोलता!"

"बाबा, थोडं थांबा ना," लिलिया म्हणाली. "आता चार वर्षं थांबलो आपण. असं उगाच, उवांसाठी, कसंतरी उरकायचं? त्याचं जावळ आहे ते. एकदाच होतं. हिवाळ्याच्या आत मी नक्की काहीतरी बघते."

प्रत्येकजण मनापासून बोलत होता. स्तेलाच्या डोळ्यांत तर पाणी आलं. तासभर बोलून असं ठरलं की औषध पुन्हा एकदा लावून बघावं. मग चौकोन एकेक करून विझले.

दुसऱ्या दिवशी आमचे हे कात्री आणि आरसा घेऊन फटीतून पलीकडे गेले. मी राहिलेली कांद्याची रोपं लावायला मागोमाग गेले. त्यांना वाटलं, गंमत करून जमेल. दामियानला म्हणाले, "चल गड्या, दोघं मिळून टक्कल करू. आधी माझं." यांच्या डोक्यावर तसंही करण्यासारखं फारसं नाही. पण पोराने दोन्ही हात डोक्यावर घट्ट धरले आणि बादलीसकट मागे सरकला.

"नको काका."

"अरे दुखत नाही."

"दुखण्याचं नाही. केस कापले तर मग ते कशाला येतील?"

दामियान हे अगदी साधेपणाने म्हणाला, माहिती दिल्यासारखं. आमच्या ह्यांनी कात्री खिशात घातली. काका मागे मेंढ्यांना पाला टाकत होते. त्यांनी ऐकलं हे मला दिसलं, कारण पाल्याचा भारा त्यांनी अर्धा टाकला आणि अर्धा हातातच धरून ठेवला. मेंढ्या मानेने ढकलायला लागल्या तरी त्यांना भान नव्हतं.

मग त्यांनी भारा ठेवला, हात विजारीला पुसले आणि फोन काढला. चित्राचा नाही, साधा. फक्त लिलियाला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून आवाज मोठा ठेवतात. अंगणात सगळ्यांना ऐकू येतो.

"लिलिया, तू येणारेस का?"

"बाबा, काल बोललो ना आपण..."

"तारीख सांग, नाहीतर नाही म्हण. मधलं काही नको. मधल्यावर पोरगं चार वर्षं बसलंय."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"सिन्योराला एकटं टाकून कशी येऊ? तिची मुलगी मिलानला असते, तिला सुट्टी मिळत नाही. मी गेले तर दुसरी बाई ठेवतील. मग परत जागा..."

"ते सगळं मला माहीत आहे. मी रागावलेलो नाही. तुझी आईसुद्धा तिथेच आहे, मी तिच्यावरही रागावलो नाही. मला फक्त विचारायचंय, येणारेस का."

"नाही म्हटलं तर तो काय म्हणेल?"

"माहीत नाही. अजून कुणी म्हणून बघितलेलं नाही."

तिकडे कुठेतरी बारीक घंटा वाजली, म्हातारी हाक मारत असणार. पुन्हा वाजली.

"नाही, बाबा," लिलिया म्हणाली. "या वर्षी नाही जमणार. पुढचंही माहीत नाही."

"बरं. हे त्याला तू सांग."

त्यांनी फोन दामियानच्या कानाला लावला. पोराने दोन्ही हातांनी धरला. ऐकत राहिला. मग काकांकडे परत दिला.

"आजा, आई नुसती रडतेय. काहीच सांगत नाहीये."

काका त्याच्यासमोर जमिनीवर बसले. त्यांच्या गुडघ्यांना ते आवडत नाही. फोन चालूच होता, मांडीवर.

"दामी, आई जावळाला येणार नाही. तिला येता येईल तेव्हा ती येईल. जावळ झालं तरी, नाही झालं तरी. तुझ्या केसांचा त्यात काही संबंध नाही."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

"आणि बाबा? आजी?"

"तेही तसंच."

"आणि नऊ जोड्या?"

"एक कुंपणापलीकडे आहे. ती कायमच असते. बाकीच्यांचं मी सांगू शकत नाही."

दामियानने बोटांवर काहीतरी मोजलं. मी कांद्याचं एकच रोप तीनदा दाबलं असेल.

"मग मी केस कशाला ठेवले?"

"आम्हाला वाटलं होतं तसं होईल. नाही झालं."

यावर तो रडेल असं मला वाटलं. त्याने बादलीला लाथ मारली. ती गडगडत कोंबड्यांत गेली. मग त्याने काकांच्या पायावर लाथ मारली, पुरी ताकद लावून. काका हलले नाहीत. तिसरी लाथ फाटकाला, ती त्यालाच लागली, आणि तेव्हा मात्र रडला. रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी काकांशी बोलला नाही, त्यांनी केलेली मामालिगा, मक्याच्या पिठाची उकड, मेंढ्यांना नेऊन घातली आणि दूध मागायला आमच्याकडे आला. काका फटीतून म्हणाले, "पितोय का?" मी म्हटलं, "पितोय." "मग ठीक आहे," म्हणाले आणि गेले. आईवर तो जरासुद्धा रागावला नव्हता. रागवायला माणूस समोर लागतो, आणि समोर काकाच होते.

असे काही दिवस गेले. मग एका सकाळी तो काकांजवळ जाऊन उभा राहिला.

"कात्री कुठली?"

"कुठली म्हणजे?"

"मेंढ्यांची नको."

"नाही. मेंढ्यांची मेंढ्यांना."

त्या दुपारी गेरासिमकाका इस्त्रीचा सदरा घालून आमच्या दाराशी आले. फटीतून नाही, रस्त्याने फिरून, समोरच्या दाराने. तेव्हाच मला कळलं की काम रीतीचं आहे.

"पोरी," ते म्हणाले, "नववी जोडी तुम्ही."

"काका, आमच्या आधी आठ जोड्या आहेत."

"आहेत. कुठे आहेत?"

"स्तेला आम्हाला जिवंत सोडणार नाही." स्तेला ह्यांची चुलत बहीण. तिची जीभ लग्नाच्या आधीपासून मला ठाऊक आहे.

"त्यासाठी तिला यावं लागेल," काका म्हणाले.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे आत गेले आणि लग्नाचा कोट घालून बाहेर आले. बटणं लागली नाहीत, तो भाग वेगळा.

शनिवारी अंगणात टेबल मांडलं. मी कोलाच, वेणीचा गोड पाव, भाजला होता, कोंबडीचं आंबट सूप केलं होतं. काकांनी तळघरातून वाइन काढली. बाप्तिस्म्याची मेणबत्ती लिलियाने पेटीत जपून ठेवली होती, ती आणली. पोराला खुर्चीवर उशी ठेवून त्यावर बसवलं, खांद्यावर नवा टॉवेल. निमंत्रित असे आम्ही दोघंच. उवा मात्र झाडून सगळ्या हजर होत्या.

ह्यांनी कात्री धरली, मी मेणबत्ती. ह्यांनी कात्री दोनदा उघडली आणि मिटली.

"काका, तुम्हाला भीती वाटते?" दामियानने विचारलं.

"नाही रे. कोट घट्ट आहे."

पहिली बट ह्यांनी कापली, दुसरी मी. मी त्या दोन्ही बटा मेणाने नाण्याला चिकटवल्या, रीतीप्रमाणे. तेवढंच आमचं काम. पुढचं काकांनी हातात घेतलं. त्यांनी पोराला खुर्चीवरून उचललं, स्टुलावर बसले आणि त्याला दोन गुडघ्यांत उभं केलं.

"आजा, मेंढीसारखं नको धरू."

"मला दुसरं धरता येत नाही."

"मग हळू धर."

"हळूच धरतो. मेंढीलाही हळूच धरायचं असतं."

अर्ध्या तासात झालं. केस टॉवेलसकट चुलीत गेले. खालून निघालेलं डोकं पांढरंफेक, लहानसं, आणि दोन्ही बाजूंना कान. ते कान आम्ही कुणीच नीट पाहिले नव्हते. फेओदोराकाकूंचे होते. दामियानने डोक्यावरून हात फिरवला. मग एकदा फाटकाकडे पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं, समोरच्यांचा कुत्रा होता.

रीतीप्रमाणे मी त्याच्यापुढे ताट धरलं, कंगवा, पेन्सिल, नाणं, भाकर, सुईदोरा असं ठेवलेलं. वर्षाचं मूल ज्याला हात घालेल ते त्याचं पुढे होतं म्हणतात. पण हा चार वर्षांचा. त्याने एकेक वस्तू नीट पाहिली.

"यातलं घेतलेलं परत द्यायचं का?"

"नाही. तुझं."

त्याने भाकर उचलली आणि खायला लागला.

"शेतकरी होणार," हे म्हणाले.

"भूक लागलीय," काका म्हणाले. "सकाळपासून काही खाल्लं नाही त्याने."

जावळाची बातमी संध्याकाळपर्यंत पाच देशांत पोचली. मी कुणाला सांगितलं नव्हतं, उवा गेल्या का बघायला आलेल्या राइसाबाईंनी फोटो टाकला होता. स्तेलाने आधी मला, मग ह्यांना आणि मग पुन्हा मला फोन केला. 'चोर' हा शब्द दोनदा आला. जर्मनीच्या जोडीने आपल्याला कळवायला हवं होतं असं कळवलं. फेओदोराकाकूंनी विचारलं, व्हिनेगर शेवटी पाणी न घालता लावलं होतं का. जावयाने आयर्लंडमधून फक्त एक अंगठा पाठवला. लिलियाकडून काही आलं नाही. काकांनी फोन कांद्यांच्या टोपलीत ठेवला आणि वर पोतं टाकलं.

सोमवारी दामियान बालवाडीत गेला. मंगळवारी तो वेळेवर घरी आला नाही. काका आधी फाटकाशी जाऊन पाहून आले, मग आमच्याकडे, मग आम्ही तिघंही शोधायला निघालो. तो तळ्यावर होता, चिखलात, मुलांबरोबर. काकांनी हाक मारली तर म्हणाला, "थांब ना आजा, माझा डाव आहे." काका थांबले. त्याचा डाव बराच वेळ चालला.

लिलियाचा फोन रविवारी आला, चित्राचा. मी काकांकडे दही द्यायला गेले होते. पोराला अंगणातून बोलावलं. दोन मुलं त्याच्याबरोबर होती, बाटलीचा चेंडू करून काहीतरी चाललं होतं. तो धापा टाकत आला आणि फोनसमोर उभा राहिला. लिलियाने त्याला पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"माझं बाळ. कान बघ तुझे."

"आजीचे आहेत. आजा म्हणाला."

"कोण कोण आलं होतं रे?"

"कुणी नाही. शेजारचे आले, पण ते इथेच असतात."

"दामी," ती म्हणाली. "मी कधी येईन ते मला खरंच माहीत नाही. तुझा आजा खरं बोलला."

"बरं."

"येणार नक्की आहे. पण कधी ते..."

"बरं," तो म्हणाला. बाहेरून कुणीतरी त्याचं नाव घेऊन ओरडलं. त्याने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा दाराकडे, फोन काकांच्या हातात दिला आणि पळाला.

एरवी त्यांचा फोन म्हणजे बॅटरी संपेपर्यंत असायचा. ठेवायची वेळ आली की पोरगं फोन घेऊन चुलीमागे जाऊन बसायचं. त्यामुळे लिलियाला कळेना.

"बाबा, तो कुठे गेला?"

"खेळायला."

"मी फोनवर असताना?"

"हो."

"रडतोय का?"

काकांनी खिडकीतून पाहिलं. "नाही. ओरडतोय. जिंकत असावा."

तिच्यामागे सिन्योराबाईंच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ दिसत होतं आणि ओट्यावर एका माणसापुरतं सूप.

"मग ठेवू का?" काकांनी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "ठेवू नका. अंगणाकडे धरा."

काका दारात गेले आणि त्यांनी फोन अंगणाकडे धरला. पोरं कोंबड्यांमधून धावत होती. त्यातलं आपलं कुठलं हे आता डोक्यावरून ओळखू येत नव्हतं, सगळ्यांचीच डोकी सारखी भादरलेली होती. लिलिया विचारत होती, "तो निळा का? नाही, तो... बाबा, जरा डावीकडे." काका फोन डावीकडे नेत होते. मी दह्याचं भांडं ठेवून निघाले तेव्हा त्यांचा हात भरून आला होता. त्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला आणि तो हात पुढे केला.